सहावी 'ब'मधील एका मुलीची अकरा गणिते तक्त्यात परत लिहू देण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शालेय तपासणी विभाग

विषय: वरीलप्रमाणे
संदर्भ: १) आपले 'प्रयत्नमापन' परिपत्रक २) मला मिळालेली खुलाशाची नोटीस

महोदय,

१. वर्गात तक्ता लावण्यात माझा स्वार्थ होता, हे आधीच कबूल करते. मुले आपणहून सराव करू लागली, तर एकच चूक पस्तीस वह्यांत पस्तीसदा दुरुस्त करण्यातून माझी सुटका होणार होती. म्हणून एका रकान्यात स्वतः सोडवलेली गणिते आणि शेजारी चाचणीचे गुण, एवढेच मांडले. "गणित आमच्या घराण्यातच नाही," म्हणणारी वेल्डरची मुलगी अपूर्णांकांची एक्केचाळीस गणिते सोडवून वीसपैकी चारावरून सोळावर आली. त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून ती बराच वेळ उभी होती.

२. तपासणीत आपणांस तक्ता आवडला आणि परिपत्रक निघाले: प्रत्येकाचे प्रयत्न तीस भरावेत. छापील नमुन्यात चौकटीही तीसच. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, टाका लिहून. वरून कोण मोजायला येतंय?" मी लिहिले नाही. लेखनिकांनी मधल्या सुट्टीत सर्वांचे भरून टाकले. पाय मोडून दोन महिने घरी झोपलेल्या मुलाचेही तीस झाले.

३. माझा तक्ता उतरवून तो नमुना भिंतीवर लागला. मुलीने विचारले, "बाई, माझी अकरा कुणाला दिली?" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "एकही न सोडवता मी तुझ्याएवढाच. मग शहाणं कोण?" वर्ग हसला. तीही हसली. तेव्हापासून तिने सरावाची वही आणलेली नाही.

४. लेखनिकांच्या मते दुरुस्तीसाठी वेगळा नमुना लागतो. तो मागवण्याचाही नमुना असतो आणि तो संपला आहे. तरी पुढील चाचणीपूर्वी तिच्या नावापुढे हाताने 'एक्केचाळीस' लिहिण्याची परवानगी मिळावी. नोटिशीचा खुलासा असा की, खोटे तीस मी लिहिले नाहीत, लिहिणार नाही.

५. आजवरचा हिशेब: शाळेला प्रशस्तिपत्र मिळाले, मुख्याध्यापकांना शाबासकी, न करणाऱ्यांना तीस, मला नोटीस. पदरचे गेले ते त्या एकट्या मुलीचे. गेल्या शुक्रवारी तिला वीसपैकी पाच मिळाले.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र
(सही)
गणित शिक्षिका, सहावी 'ब'
दि. १८ फेब्रुवारी

सोबत: तिची अपूर्णांकांची वही, खोडाखोडीसह.