वीसपैकी आठ चुका

२१ मे, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत, तूही असशील. गुडघा कसा आहे? सलग उभं राहायची ड्युटी असली तर पट्टा बांधत जा.

आधी आनंदाची बातमी. खारूचा निकाल लागला. तुझी लेक हॉस्टेलच्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत पास झाली, आणि स्पेलिंगच्या पेपरात पन्नासपैकी एकोणपन्नास! जागा पक्की करायला तीस तारखेपर्यंत मुदत आहे. फॉर्म सोबत जोडलाय.

एवढं लिहून उठले, कपडे वाळत घातले, परत बसले, परत उठले. हा कागद तिसरा. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. रागवायचं ते शेवटी रागव.

माझी शिकवणी तुला ठाऊकच आहे. पुढच्या खोलीत सतरंजीवर सहा मुली, रोज वीस शब्द. वेन्सडे लिहिताना मनात 'वेड-नेस-डे' म्हणायचं, म्हणजे मधला डी निसटत नाही. पोरी त्याला वेड्यांचा वार म्हणतात. सुट्टी लागल्यावर तू खारूला माझ्याकडे ठेवलंस, तेव्हा वाटलं, पंधरा दिवसांत तयार होईल. पण दर चाचणीत वीसपैकी आठ चुका. पुढच्या वेळी शब्द नवे, चुका आठच. तुला मी 'सुधारतेय' म्हणून सांगत होते आणि इकडे माझा जीव टांगणीला. खरा चुकणारा माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं शिकवतेय म्हणे!

मग एका दुपारी मी आत चहा टाकत होते. बाहेर शिंप्याची धाकटी 'रिसीव्ह'वर अडली होती. खारू तिला म्हणाली, "अगं, सीनंतर आधी ई, मग आय. इथे सगळे आपटतात." त्याच शब्दावर सकाळी ती स्वतः आपटली होती.

मुली गेल्यावर विचारलं, "मुद्दाम चुकतेस?"

ती सतरंजीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "नापास झाले तर हॉस्टेलला जावं लागणार नाही ना?"

"अगं, पण तू तिथे असलीस की आईला काळजी..."

"माहितीये. आई म्हणाली होती, एकदा ही पास झाली की मी सुटले."

आठवतं, ताई? ते तू मलाच म्हणाली होतीस. युनिफॉर्मला इस्त्री करत होतीस, फोन स्पीकरवर होता. आणि पलीकडून मी हसले होते. माझं हसूही तिने ऐकलंय.

त्याच दिवशी तुला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. दोन आठवडे गप्प राहिले. सख्खी भाचीच नापास झाली तर लोक काय म्हणतील, ही एक भीती. तू मला दोष देशील, ही दुसरी. पोरीच्या मनाचं काय, हे तिसऱ्या नंबरावर होतं. खोटं कशाला बोलू?

परीक्षेच्या दिवशी फाटकाशी तिने माझा हात घट्ट धरला. "मावशी, कसं लिहू? बरोबर की चूक?" आत घंटा झाली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "तू खरं लिही. मी आईला खरं लिहीन."

"नक्की?"

"नक्की."

ती आत गेली. तिने तिच्या वाट्याचं खरं लिहिलं. निकाल कळल्यापासून जेवते, खेळते, मला काही विचारत नाही. फक्त मी लिहायला बसले की दारात येऊन उभी राहते. आत्ताही आहे.

तिला वाटतं, ती तुला घरात नकोय. तसं नाही हे मला माहीत आहे, पण मी सांगून उपयोग नाही. मी पडले हसणाऱ्यांतली. फॉर्मवर सही करायच्या आधी तू तिच्याशी बोल. मग तू म्हणशील ते.

चुकलेली,
तुझी धाकटी


२५ मे

धाकटे,

पत्र पोचलं. तुझ्यावर चिडलेय, ते समोरासमोर.

हो, म्हणाले होते 'सुटले'. दुपारची ड्युटी असली की पोर रिकाम्या घरात एकटी आणि मी वॉर्डातून दर तासाला फोन करणार. एकदा तिने उचलला नाही. झोपली होती. पण तेवढ्यात मला धड सलाईन लावता येईना, दुसऱ्या नर्सला बोलवावं लागलं. त्या धास्तीतून सुटायचं होतं गं मला. तिच्यातून नाही.

फॉर्म कोराच ठेवलाय. मेट्रनबाईंकडे फक्त सकाळची ड्युटी मागितली आहे, 'बघू' म्हणाल्या. नाही मिळाली तर काय, मलाही माहीत नाही. पण ते ठरवताना ती समोर बसलेली असेल. शनिवारी पहिल्या गाडीने येतेय.

सोबतचा बंद कागद तिचा आहे, तू फोडू नकोस. वाचून रडली तर रडू दे. काही विचारावंसं वाटलं तर तिलाच फोन करू दे. वॉर्डात असले तरी उचलेन.

खारूची आई