नाही तर नाही, पण लिहून द्या

९ एप्रिल, गुरु.
विमा दवाखान्यात आजही तेच. आईच्या फिटच्या गोळ्या आल्या नाहीत, बाहेरून घ्या, बिलं आणि रिकामी पाकिटं जपून ठेवा, पैसे परत मिळतील. चौथा महिना हा. माझ्या पगारातून विम्याचे पैसे कापायला मात्र कुणी विसरत नाही. बिलांची पिशवी खुंटीला. भरली की एकदम नेऊन आपटणार.

१२ एप्रिल, रवि.
आईने राब भाजला. मी सांगितलं होतं, फिट येणाऱ्या माणसाने आगीजवळ जायचं नाही. ऐकेल तर शपथ. भाताची रोपं करायच्या जागेवर गोवऱ्या, पाला, घरातला कचरा, सगळं पेटवलं. खुंटीवरची पिशवीपण.
"रिकामी पाकिटं गं ती. मला काय ठावं?"
चिडले, वाट्टेल ते बोलले. ती जेवलीच नाही. मग माझंच मन खाऊ लागलं. यंदा भाताला फिट येणार नाही, एवढं नक्की.

१५ एप्रिल, बुध.
खिडकीवरचे बाबू म्हणाले, बिल नाही तर पैसे नाहीत. बरं, गेले ते गेले.
पण साजगावला कंपनीत माझ्या शेजारी पॅकिंगला बसणारी शबाना वेगळंच सांगते. औषध शिल्लक नाही असं दवाखान्याने चिठ्ठीवर लिहून शिक्का मारला, की त्यांनी नेमलेला खोपोलीचा मेडिकलवाला फुकट देतो. बिल नको, पाकीट नको. तिच्या अब्बांचं तसंच चालतं. चार महिने मला कुणी बोललं नाही!
बाबूंना विचारलं. तसं लिहिलं तर वर उत्तर द्यावं लागतं म्हणे.
मग द्या की.

१७ एप्रिल, शुक्र.
रजा टाकून आईला घेऊनच गेले. घरात सहा गोळ्या, म्हणजे तीन दिवस. डॉक्टर समजावत होते, ताई, या वेळी बाहेरून घ्या, पुढच्या वेळी बघू.
म्हटलं, "साहेब, नाही तर नाही. पण कागदावर."
मी उठले नाही. आईपण नाही. दुपारी खिडकी बंद झाली. सोमवारी या म्हणाले.

१८ एप्रिल, शनि.
इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही. एक पाकीट बाहेरून आणून पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. भांडण माझं आहे, त्यापायी आईला फिट येऊ देणार नाही. पण त्या खिडकीवर हे कळता कामा नये.

१९ एप्रिल, रवि.
उद्या जायचं. आईने आपणहून चटई गुंडाळून ठेवली, भाकऱ्या दुपारपर्यंतच्या करू म्हणाली. डब्यामागचं पाकीट तिला सापडलंय बहुतेक, पीठ तिनेच मळलं.
मी औषधाची बिनशिक्क्याची चिठ्ठी नव्या पिशवीत घालून वरच्या खिळ्याला टांगली.
"ही नाय जाळत. हिच्यावर त्यांचा शिक्का बघायचा हाय मला."