दोघांनाच तर पटवायचंय

४ जानेवारी
आतड्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कॅन्सर निघालाय, आता सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यायला हवं. सोपं काम. आयुष्यभर पाण्याचे पंप विकलेत मी. विहीर नसलेल्यांनाही विकलेत. इथे ताई आणि धाकटा, दोघांनाच तर पटवायचंय. आठवड्यात उरकतो.

७ जानेवारी
फॅमिली ग्रुपवर आतड्याचा मोठा रंगीत फोटो टाकला. ताईने ग्रुप सोडला. विचार करायला वेळ हवा असणार.

१२ जानेवारी
ताईकडे गेलो. शाळेचे पेपर तपासत बसली होती. शर्ट वर करून टाक्यांचे व्रण दाखवले. दाजी चहा अर्धा टाकून उठले. ताई म्हणाली, पुरे आता. म्हणजे पटलं.

१९ जानेवारी
धाकट्याच्या टेलरिंगच्या दुकानात. गिऱ्हाइकांसमोरच विषय काढला, म्हणजे त्याला टाळता येऊ नये. त्याने टेप घेऊन माझी कंबर मोजली. म्हणाला, दादा, पँट बरीच आत घ्यावी लागेल. मी म्हणालो, डाएट चालू आहे.

२५ जानेवारी
पँट आणायला गेलो. दुकानात कोणी नव्हतं. मशीनवरची मान वर न करता तो म्हणाला, अधूनमधून रक्त पडतं रे, मूळव्याध असेल.
मीही वर्षभर हेच म्हणत होतो.
घरी बायकोला सांगितलं, धाकटा तयार झालाय. तो तसं म्हणाला नव्हता.

२ फेब्रुवारी
धाकटा फोन उचलत नाही. मेसेज केले, दम दिला, मोठेपणाचा हक्क सांगितला. शेवटी दुकानात जाऊन पाय धरले. धाकट्या भावाचे! तो बिचकून कपाटाला टेकला. म्हणाला, दादा, तुझे हाल बघूनच हिंमत होत नाही रे. माझे कसले हाल? पण वळतोय. नक्की वळतोय. वळायलाच हवा.

११ फेब्रुवारी
धाकटा कोलोनोस्कोपीला गेला! माझ्या चिकाटीचं फळ. बायकोने फक्त एवढंच विचारलं होतं, भावोजी, मी येऊ का सोबत? मला मात्र दोघांनीही घरीच बसवलं. दुपारी बायकोचा फोन. एक गाठ निघाली, तिथल्या तिथे काढली, तपासायला पाठवलीय. मी म्हणालो, बघ, मी सांगत होतो. तिने फोन कट केला. रेंज गेली असेल.

१८ फेब्रुवारी
गाठीत कॅन्सर नाही. तशीच राहिली असती तर पुढे झाला असता, म्हणाले डॉक्टर. त्याच भरात ताईला फोन लावला. म्हटलं, आता तुझा नंबर. ती म्हणाली, माझी तपासणी जानेवारीतच झाली, सगळं ठीक आहे. मग बोलली का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तू सोबत आला असतास.
फोन ठेवला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बायको दार वाजवत होती. तोंड धुतोय म्हणालो.
बराच वेळ धुतलं.