चादरीच्या कोपऱ्यातली चांदणी

तुंगार्ली, लोणावळा
४ मे २०२६

प्रिय ज्योत्स्ना,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण लहानपणापासूनची सवय आहे, एवढ्यात सुटणार नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून तळेगावच्या पत्त्यावर पत्र पाठवतेय. शिवाय कागदावर असेल तेवढंच खरं, हे मला तूच शिकवलंस. तर हे कागदावर घे, की मी तुझ्यावर संतापले आहे. काल भाकरी करताना परात अशी आपटली की सासूबाई उठून दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

जानेवारीतला तो दिवस आठव. रिसॉर्टच्या लाँड्रीत आम्ही अकरा बायका ओळीने उभ्या होतो आणि तू टेबलामागे बसली होतीस. एच.आर. मॅनेजर होऊन तुला जेमतेम तीन महिने झाले होते. आपल्या वस्तीतली पोर त्या खुर्चीत बघून माझाच ऊर भरून आला होता. तू सांगितलंस, नवा कायदा लागू झालाय, आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावंच लागतं, तोंडी नोकरी बंद. बायकांना कोण आनंद! इतकी वर्षं राबून आमच्या नावाचा एक कपटा नव्हता कुठे. रतनबाईने तर ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं. मी पेढे वाटले. शाळेत असताना चौदा एप्रिलला विहारात तू भाषण केलं होतंस, काम करणाऱ्याच्या हातात त्याचा कागद हवा म्हणून. मला वाटलं, बोलल्याप्रमाणे तो कागद घेऊन आलीस.

कमळाबाई तेवढी थांबली होती. तिच्या बापाची जमीन धरणात गेली ती असाच अंगठा उठवून, त्यामुळे तिला कागदाची धास्तीच. तिने पत्र माझ्यापुढे धरलं, वाचून दाखव म्हणाली. मागे रांग खोळंबली होती आणि मला तुझा अभिमान चढला होता. ज्योत्स्नाने आणलंय, त्यात वाचायचं काय, असं म्हणून मीच तिचा अंगठा शाईवर टेकवला. ज्योत्स्ना, तो अंगठा मी धरला होता. तुझ्यावर जेवढी चिडलेय, तेवढीच माझ्यावरही.

मार्चमध्ये कमळाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांची रजा सांगूनच गेली होती. परत आली तर गेटवर रखवालदाराने तिच्या हातात एक कागद ठेवला आणि आत सोडलं नाही. प्रोबेशनच्या काळातलं काम समाधानकारक नाही, सबब सेवा संपवण्यात येत आहे. खाली सही तुझी. तेव्हा मी कपाटातून माझं नेमणूकपत्र काढलं आणि पहिल्यांदा धड वाचलं. कामावर रुजू झाल्याची तारीख, एक जानेवारी दोन हजार सव्वीस. प्रोबेशन सहा महिने. माझी चौदा वर्षं गेली आणि कमळाबाईची एकोणीस. आम्ही गेटबाहेर उभ्या होतो. तिने डोळ्यावरचा काळा चष्मा काढला आणि मला एवढंच विचारलं, “सुषमा, मी नवी हाय व्हय गं?”

याचं उत्तर तुझ्याकडे आहे. तू दे.

तू उत्तर दिलंस म्हणा, मी मेसेज टाकल्यावर चार दिवसांनी, मोबाईलवर दोन ओळींचं. पत्राचा नमुना वरून आला होता, आणि जुनं काही रेकॉर्डच नाही तर तारीख कुठली टाकणार. वा! रेकॉर्ड ठेवायचं मालकाने, ते ठेवलं नाही म्हणून शिक्षा कमळाबाईला. लोणावळ्यातल्या अतुल वकिलांकडे दोन्ही कागद घेऊन गेले. ते म्हणाले, कायद्याने पत्र द्यायला सांगितलंय, आधीची वर्षं गिळायला सांगितलेली नाहीत. मालकाला हे कळत नसेल असं घटकाभर धरू. पण तू कायदा शिकलीस, तुला कळतं. ज्या कायद्याने आम्हाला उभं करायचं, त्याच कायद्याच्या कागदाने तू केसाने गळा कापलास.

परवा कमळाबाईला बघायला डोंगरावर तिच्या वाडीत गेले. तिने बसायला गोधडी टाकली. तुला ठाऊक आहे, रिसॉर्टच्या विरलेल्या चादरी साहेब आम्हाला घरी न्यायला देतात आणि त्यांचं गोधडीला अस्तर होतं. गोधडीची एक कड उसवली होती. मी सहज बोट घातलं तर आत पांढऱ्या चादरीचा कोपरा निघाला, आणि त्यावर लाल दोऱ्याची चांदणी. कमळाबाईची खूण. आठवतं ना, रिसॉर्टच्या आणि तुंगार्लीतल्या सगळ्या बंगल्यांच्या चादरी पांढऱ्या, सीझनचं जादा धुणं बाहेर धोब्याकडे जायचं तिथे अदलाबदल व्हायची, म्हणून सीझनआधी नव्या चादरींवर आपण खुणा घालायचो. एकीने खूण घालून पुढे साल भरायचं, दुसरीने चादर तपासून शेजारी आपली खूण घालायची. कमळाबाईला अंक वाचता येत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून ती ते जसेच्या तसे भरायची.

त्या कोपऱ्यात चांदणीपुढे ‘१३’ आहे, म्हणजे दोन हजार तेरा. आणि तपासणारीची जी खूण शेजारी आहे, ती ‘ज्यो’ आहे. बारावीनंतरच्या सुट्टीत कॉलेजच्या फीसाठी तू माझ्याबरोबर लाँड्रीत यायचीस, त्यातली ही. तुझा टाका वाकडा पडायचा. कमळाबाईने तुझा हात धरून तो सरळ करायला शिकवला होता, आणि तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी तू रोज खाल्लीस.

पुढच्या मंगळवारी, बारा तारखेला, पुण्याच्या कामगार कार्यालयात कमळाबाईच्या अर्जाची सुनावणी आहे. अर्ज मी लिहिलाय. माझी नोकरी जाईल हे धरूनच चाललेय, त्याची धमकी द्यायला कुणाला पाठवू नकोस. कंपनीच्या बाजूने तू येणार, हेही कळलंय. मी ती गोधडी घेऊन येणार आहे, उसवलेली कड तशीच ठेवून. चांदणी कुणाची ते कमळाबाई सांगेल. शेजारची खूण कुणाची, हे कार्यालयातले साहेब विचारतील तेव्हा मी गप्प बसणार आहे. ते तू सांगायचं, सगळ्यांसमोर. साक्षीदार म्हणून मी तुझं नाव दिलंय, आणि ते तुला तिथे गेल्यावर कळू नये म्हणून हे पत्र लिहिलं. तुला न वाचता सही करायला लावणाऱ्यांतली मी नाही.

मंगळवारपर्यंत तरी तुझीच,
सुषमा