वस्तू क्रमांक एक्केचाळीस

॥ नमो बुद्धाय ॥

पांढरकवडा,
सोमवार, ३० एप्रिल १९६२

प्रिय श्रावण,

नलूवहिनीचा जयभीम.

इकबालभाईच्या हाती पाठवलेलं सगळं पोचलं. एक सोलापुरी चादर, पावशेर खारका, मायसाठी चष्मा आणि तिच्या नावाचे दहा रुपये. इकबालभाईनं आणणावळ घेतली नाही. त्याला आणणाऱ्या ट्रकवाल्याच्या चहाचे वीस नये पैसे मीच बळे दिले. चिठ्ठी मात्र एका ओळीचीसुद्धा नव्हती. मी चादरीची घडी दोनदा उलगडून पाहिली, खारकांची पुडी झटकली. पुडीच्या कागदावर तेलुगू अक्षरं होती, तेवढ्यावरून माझी खात्री पटली की इकबालभाई सांगतो ते खरं आहे. दोन वर्षं आम्ही तुला नागपुरात धरून चाललो होतो आणि तू आदिलाबादच्या कापूस जिनिंगमध्ये, इथून एका गाडीच्या वाटेवर.

घरी तसं बरं आहे. तुझ्या दादांची शाळेतली नोकरी कायम झाली. आमची जया चौथीत गेली. तू शिकवलेला तेराचा पाढा अजून तुझ्याच चालीवर म्हणते. बाबा तुझं नाव घेत नाहीत. चादर खाटेवर पाहूनही कोणाची म्हणून विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे त्यांना कळलं, असं मी धरते.

इतिहास संग्रह मंडळाचं विचारशील, म्हणून लिहिते. मंडळ आहे, छापील कागद आहेत, वर विश्वस्त म्हणून किसनरावांचं नाव आहे. तांब्याची नाणी, मोडी कागदांचे बांधलेले रुमाल, ती गंजलेली तलवार, सगळं एका पेटीत भरून त्यांच्या कापसाच्या गोदामात ठेवलं आहे. तू रोज सकाळी उघडायचास, झाडायचास, ती खोली आता मंडळाची राहिली नाही. तिथं आपल्याच दगडाचं मंदिर झालं. लोखंडी जाळी बसली, सिमेंटची पायरी झाली, मंगळवारी नारळाची दुकानं लागतात. आपल्या वस्तीतल्या माणसानं पायरीच्या खालीच थांबायचं. असा कुणी ठराव केलेला नाही. पण आपलं माणूस पुढे झालं की जाळीपाशी बसलेला माणूस उठून उभा राहतो.

मला ते सगळं आठवत राहतं. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आपण नागपूरहून परतलो आणि वस्तीनं घराघरातले देव टोपल्यांत भरून खुनी नदीत सोडले. मरीमायचा दगड जड, त्याला चौघं लागणार, म्हणून तो दुसऱ्या दिवसावर राहिला. तेवढ्यात किसनराव आले. बाबांना म्हणाले, “डोमाजी, अरे ही मरीमाय नाही. निरखून पाय. घोड्यावर बसलेला माणूस आहे, हातात भाला आहे. लढाईत मेलेल्या वीराचा दगड हाये हा. नदीत टाकू नका, मंडळाले द्या.” सगळे वाकून पाहायला लागले. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्याला माय म्हणत आलो त्यावर घोडा होता आणि कुणी तो पाहिलाच नव्हता. बाबांनी दगड दिला, पण अट घातली की त्याची पूजा कधी होणार नाही. माझं अक्षर बरं आणि मी मॅट्रिक, म्हणून मंडळाचं वस्तूंचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मीच लिहिलं: वस्तू क्रमांक एक्केचाळीस. देणार डोमाजी. अट, पूजा नाही. किसनरावांनी खाली सही केली आणि त्या वर्षीच्या सभेत भाषण केलं, की आमच्या मंडळाचं रजिस्टर बौद्ध वस्तीतली सून लिहिते. टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं होतं, ते कशाला लपवू?

मग साठ साली दगडावर कुंकू दिसलं. पहिल्यांदा कुणी पाहिलं कुणास ठाऊक, पण बाजारपेठेत बातमी झाली की संग्रहातली देवी जागी आहे. बाया ओटी घेऊन यायला लागल्या. कुणाचं तापानं फणफणलेलं लेकरू बरं झालं म्हणे. आपली वस्ती किसनरावांकडे गेली, अट वाचून दाखवली, तर ते शांतपणे म्हणाले, “अट आम्ही मोडली नाही. पयलं कुंकू तुमच्याच घरचं आहे. चावी कोणापाशी राहते, तुमच्या रजिस्टरवाल्या बाईलेच विचारा.” त्या संध्याकाळी लिंबाखाली सगळी वस्ती बसली आणि बाबांनी मला उभं केलं. पुढचं तुला ठाऊक आहे. “माह्या उंबऱ्यात पाय ठेवू नको,” असं त्यांनी तुला सांगितलं. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. चप्पलही घातली नाहीस.

मायला आम्ही सांगितलं की तुला बाहेरगावी काम लागलं. ती त्या दिवशी हिवरीला बहिणीकडे होती. परत आली तेव्हा वस्तीत कुणी तिच्यापाशी खरं बोललं नाही, बाबांच्या भीतीनं म्हण की तिच्या वयाकडे पाहून. दोन वर्षं ती रोज विचारायची, “पोरगं सणालेही काहून येत नाही वं? कोणती म्हणावं अशी नोकरी?” मी म्हणायचे, सुट्टी मिळत नसेल.

तर चष्मा. बाजारातला तयार, पण बसला तिला. कानामागे दोरी बांधून दिली. डोळ्यांवर चढवून तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अवं नलू, तुह्ये तं केस पिकले!” मग जयाला जवळ ओढून तिच्या नाकाला हात लावून पाहिला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभी राहिली, अंगणातल्या कोंबड्या मोजल्या. दिवसभर हसत होती. संध्याकाळी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मले एकडाव ते दगड पाहू दे. मंग मेली तरी चालते.” मी तिला रागावले. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, रोज त्रिशरण म्हणतो, मग आता तिथं काय पाहायचं? ती पदरानं चष्मा पुसत बसली. ते मला बघवलं नाही.

परवाच्या मंगळवारी, चोवीस तारखेला, मी तिला घेऊन गेले. पायरीपाशी तो माणूस उठला. “बुढे, तेथूनच.” माय थांबली. वाकून, एका हातानं चष्मा सावरत, गर्दीतल्या बायांच्या मधून आत पाहत राहिली. दगडावर बोट बोट जाडीचा शेंदूर चढला आहे. वरच्या बाजूला चांदीचे डोळे बसवले आहेत. माणूस नाही, भाला नाही. बराच वेळ पाहून ती मोठ्यानं म्हणाली, “घोडा कोठी गेला?” दोन-तीन बाया हसल्या. ती परत म्हणाली, “हे माही माय नोहे. म्या तं बोटभर कुंकू लावलं होतं. घोडा दिसत होता.”

मी तिचा हात धरून चालू लागले, पण आपल्या वस्तीतली बेबीताई मागेच उभी होती, तिनं ऐकलं. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. रस्त्यावरच म्हणाली, “वा वं मोतीबाई! कुंकू तू लावलं, अन् घराबाहेर काढलं पोराले!” मायला कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांचं सगळं मग मला तिथंच, नारळाच्या दुकानापाशी उभं राहून सांगावं लागलं. तिनं चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. घरी आल्यावर म्हणाली ते तुला सांगायला हवं. तू चार वर्षांचा असताना तुला देवी आल्या होत्या. डोळे उघडत नव्हतास. तेव्हा ती मरीमायला बोलली होती, की पोरगं वाचलं तर मी जिती आहे तोवर दर मंगळवारी तिला कुंकू लावीन. दीक्षा घेतली तेव्हा तिनंही सगळ्यांबरोबर हात जोडले, मनापासून जोडले. पण साठ साली ती मंडळाची खोली सारवायला जाऊ लागली आणि दगड समोर असायचा. तिला वाटायचं, कुंकू चुकलं आणि आपल्या पोराला काही झालं तर?

श्रावण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण कुंकू तीच लावते हे ठाऊक होतं. मी पाहिलं होतं. दोन मंगळवार मीच ते ओल्या फडक्यानं पुसलं. तिसऱ्या मंगळवारी पुसलं नाही, म्हातारीचा जीव म्हणून सोडून दिलं. शनिवारी रजिस्टरात लिहिलं, वस्तू तपासल्या, सर्व ठीक. असे पाच शनिवार लिहिले. आणि लिंबाखाली बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, चावी श्रावणकडे असते. खोटं बोलायचं नाही हे शील मी पाळलं, असं मनाला सांगत राहिले. चावी तुझ्याकडेच असायची. सकाळी तू ती मायच्या हाती द्यायचास, एवढंच मी बोलले नाही. तूही बोलला नाहीस. माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुलाही सगळं ठाऊक होतं आणि मी काय करते ते तू पाहत होतास, हे मला त्याच क्षणी कळलं. मी खाली पाहिलं.

मंगळवारपासून आज सातवा दिवस. मायच्या घशाखाली अन्न उतरत नाही. घास तोंडात फिरवते आणि पदरात काढून ठेवते. डॉक्टर म्हणतात, म्हातारपण. ती म्हणते, “त्याले बोलाव. त्याच्या पुढ्यात बसून सगळ्यायले सांगीन.” बाबांनी हे ऐकलं आणि उठून बाहेर गेले. मी ठरवलं आहे, येत्या रविवारी विहारात वंदना झाली की अजून माझ्याकडेच असलेलं रजिस्टर घेऊन उभी राहीन आणि ते पाच शनिवार मोठ्यानं वाचीन. त्यानंतर मंडळातून आणि कदाचित घरातूनही मला जावं लागेल. तुझ्या दादांना अजून सांगितलेलं नाही. माझ्यापुरतं मी बोलेन. मायचं नाव घ्यायचं की नाही, हे तू सांग. लोक तिला काय म्हणतील ते तुला कळतं, आणि दोन वर्षं ते तिच्याऐवजी तू सोसलंस. सोबत पत्ता लिहिलेलं कार्ड ठेवलं आहे. कोणत्या दिवशी येतोस तेवढं परत टपालानं कळव. येणार नसलास तरी तसंच लिही. मी ते तिला वाचून दाखवीन, एक शब्द न गाळता.

तुझीच,
नलूवहिनी