बालिक्ताखचं तळं

बालिक्ताख, ४ फेब्रुवारी १९७८

ती. इझोतदादास,
सा. न. वि. वि.

वर्गात शिकवायला आपल्या गावाच्या भूगोल-इतिहासाचा धडा लिहितेय. बाहेर उणे पन्नास. शाई गोठते म्हणून दौत कुशीत घेऊन बसते, हसू नकोस. मुलांनी विचारलं, गावाचं नाव मासळीवरून, मग इथे मासा कसा नाही? मी लिहिलं, १९५९च्या दुष्काळात तळं आटलं. शेजारच्या आकुलिनाआजींना ते वाचून दाखवलं, तर त्या उठून गोठ्यात गेल्या. जाता जाता म्हणाल्या, भावाला विचार. तू तेव्हा सामूहिक शेतीचा मोजणीदार होतास ना?

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, दोन ओळीही येऊ देत.
तुझी फेव्रोनिया

याकुत्स्क, २७ फेब्रुवारी

चि. फेव्रोनियास अनेक आशीर्वाद.

तीन पत्रं लिहून फाडली. तळं आटलं नाही, मी ते रिकामं केलं. तळ्याच्या जागी कुरण वाढवायला खालच्या सखल रानापर्यंत चर खणून पाणी सोडायचा बेत माझाच. आकुलिनाबाई माझ्या मोजणीच्या दोरीवर येऊन उभ्या राहिल्या. हिवाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी बर्फ कुठून कापायचा, असं त्यांनी विचारलं. मी चारचौघांत म्हणालो, बाई, तुम्ही गाई सांभाळा. माणसं हसली.

पाच दिवसांत पाणी गेलं. दोन उन्हाळे गवत आलं, मग जमिनीवर खार फुटला. वरिष्ठांना मी तळं दुष्काळात आटल्याचं कळवलं आणि शहरात बदली मागून घेतली. तुम्ही बारा किलोमीटरवरून बर्फ ओढता, हे मला ठाऊक आहे. गावी न येण्याची माझी सगळी कारणं खोटी होती. धड्यात माझं नाव घालून लिही.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
इझोत

बालिक्ताख, १९ मार्च

ती. इझोतदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आणखी एक लिही. मासे चिखलात तडफडत होते, तेव्हा चर बुजवायला आम्ही कुणी फावडं उचललं नाही. पोती भरून मासे घरी नेले. मीही नेले."

दादा, मीही दोन बादल्या भरल्या होत्या. दहा वर्षांची होते, आईने शाबासकी दिली. चर मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी मुलांसाठी दुष्काळ लिहिला, कारण ते सोपं होतं.

आता धड्यात तुझं नाव आहे, त्याखाली आजींचं आणि माझं. काल वर्गात वाचताना माझ्या नावापाशी थांबले आणि वही पुढच्या बाकावर दिली. ती ओळ एका मुलीने वाचली.

उन्हाळ्यात ये. आजींना तुला भेटायचंय.
तुझीच,
फेव्रोनिया