कोथिंबिरीची दोन पानं

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या शिमग्याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

पासष्टच्या लढाईनंतरचा शिमगा. मी सांगलीच्या कॉलेजातून मेढ्याला घरी आले तर दारात कुणी हसलंसुद्धा नाही. वहिनी नुकतीच बाळंत झाली होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आपल्याकडेच केलेलं. दादा लढाई सरूनही अजून सीमेवरच. तू मला आत नेलंस आणि बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलंस. वरचा ओठ थेट नाकापर्यंत दुभंगलेला. "गिराण लागलंय," तू म्हणालीस. "गिराणात भाजी चिरली हिनं." वहिनी भिंतीकडं तोंड करून पडली आहे. बाळाला अंगावरचं दूध ओढता येत नाही, पाजलेलं दूध नाकातून बाहेर येतंय, आणि त्याचं रडणं बारीक बारीक होत चाललंय. दादाला काय कळवायचं, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "काय बी कळवू नगंस. जगलं तर बघू."

मी तुझ्यामागं स्वयंपाकघरात गेले. तू चुलीपुढं बसलेली, आणि विहिरीकडच्या वाफ्यातली फुलावर आलेली कोथिंबीर निवडत होतीस. त्याच महिन्यात आमच्या सरांनी विषमरूपता शिकवली होती. एकाच जीवाची रूपं वेगवेगळी असू शकतात, ते म्हणाले होते, आणि कृष्णेकाठच्या डबक्यातली एक वनस्पती दाखवली होती. तिची पाण्याखालची पानं दोऱ्यासारखी, वरची रुंद. मी तुझ्या हातातली एक काडी उचलली. "हे बघ, खालचं पान रुंद, वरचं बडीशेपेसारखं. झाड एकच. त्यानं कुठं ग्रहण बघितलं होतं?"

तू काडी माझ्या हातातून काढून घेतलीस. "कोथमिरीचं रूपच तसं हाय. दोनी पानं आपापल्या जागी धड हायती. ह्येला दूध वढता येतंय का, सांग की! लय शिकलीस न्हवं?"

रागानं कान तापले होते, पण तुझं बरोबर होतं, हे तेव्हाही कळत होतं. सर म्हणाले होते की डॉक्टरही रूप वेगळं असं म्हणतात, पण त्यांचा अर्थ निराळा. नेहमीची घडण कुठं तरी अर्धवट राहून गेली, असा. मी दोन्ही अर्थांची खिचडी केली होती. कोथिंबिरीला कुणी टाके घालत नाही. आणि टाके घालता येतात, सांगलीला असे ओठ शिवणारे डॉक्टर आहेत, हेही सरांनीच सांगितलेलं. मी ते तुला ओरडून सांगितलं. "बाळंतीण उंबऱ्याभाईर जायाची न्हाई," तू म्हणालीस.

सकाळी मी आणि वहिनी बाळाला घेऊन सांगलीला निघालोच. वहिनीला धड चालवत नव्हतं. एसटी सुटायच्या बेतात होती, तेवढ्यात तू धापा टाकत आलीस. मला वाटलं, आता ओढून खाली उतरवणार. तू वर चढलीस आणि बाळाला मांडीवर घेतलंस.

सातारच्या पुढं समोरच्या बाकावरच्या बाईनं फडक्यात डोकावून पाहिलं. "आगं बया! गिराणात काय चिरलंवतं व्हय पोरीनं?"

वहिनीची मान खाली गेली. सगळी गाडी आमच्याकडं बघतेय. मी तोंड उघडणार, तोच तू बोललीस. "तिनं न्हाई आपल्या मनानं चिरलं. भात झोडाया माणसं आलीवती, सैपाकाची घाई. मीच इळी तिच्या म्होरं सारली. ती नगंच म्हणत हुती."

वहिनीनं पहिल्यांदा वर पाहिलं. तू तिच्याकडं बघत नव्हतीस, खिडकीबाहेर बघत होतीस.

सांगलीत डॉक्टरांनी बाळाला उभं धरून चमच्यानं दूध कसं पाजायचं ते दाखवलं. पोर जरा अंग धरू दे, मग शिवू, म्हणाले. तू जायला उठेनास. "डागदर, इळीमुळंच झालं न्हवं ह्ये?" ग्रहण पडलं तेव्हा कितवा महिना होता, असं त्यांनी विचारलं. सहावा, वहिनी म्हणाली. "मग नाही, आजीबाई. ओठ जुळायचा तो तिसऱ्या महिन्याच्या आतच जुळतो. ग्रहणाच्या वेळी हा असाच होता." तू विचारलंस, "म्हंजे इळीच्या आदीच?" ते हो म्हणाले, तरी पुन्हा विचारलंस. मग भिंतीला टेकून खाली बसलीस आणि तोंडात पदर कोंबून रडलीस. मी कोथिंबीर घेऊन भांडत बसले होते. हे साधं मला ठाऊकच नव्हतं.

ओठ शिवला, पुढं वर्षभरानं टाळूही. दादा रजेवर आला तेव्हा ओठावर फक्त एक पांढरा वण उरला होता. पोराला वर उचलून त्यानं विचारलं, "कुनाच्या तोंडावर गेलाय गं ह्यो?" कुणी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "माझ्या."

तुझा हा नातू आता सांगलीत हळदीच्या बाजारात असतो, नातवंडं झाली आहेत. मी आजीच्या तोंडावर गेलोय, असं अजून सगळ्यांना सांगतो. आई, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. जन्मभर मी कॉलेजात झाडापानांची रूपं जुळवायला शिकवलं. तुझा फोटो आणि त्याचं तोंड किती वेळा शेजारी धरून बघितलंय. नाक नाही, कपाळ नाही, हनुवटी नाही. काहीच जुळत नाही. त्याला मी हे कधी सांगितलेलं नाही.